डोंगराच्या कलाने घर बांधणारे लॉरी बेकर

चतुर्थी जवळ आली की आपल्या पेडणे तालुक्यात माटोळीच्या सामानाची धावपळ सुरू होते. सुपारीची शिपटी, नारळाची पेंड, आंबाडे, कवंडळे, तोरिंजने आणि रानातली कितीतरी फळे-फुले गणरायाच्या माथ्यावर बांधली जातात. यातले बरेचसे सामान पूर्वी घरामागच्या डोंगरावरच मिळायचे. आता मात्र पुष्कळ घरांतून ते बाजारातून विकत आणावे लागते. रानात जाणारे हात कमी झाले हे त्याचे एक कारण. दुसरे कारण डोंगरच कमी होत चालले, हे आहे.

महामार्ग रुंद झाला, मोप्याच्या सड्यावर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि पेडण्याच्या जमिनीला एकदम भाव आला. डोंगराच्या उतारावर घर असावे, खाली शेते आणि दूरवर समुद्र दिसावा, ही इच्छा वाईट नाही. प्रश्न आहे तो घर बांधण्याच्या रीतीचा. आधी जेसीबी येतो, उतार उभा कापून जागा सपाट होते, मागे उंच सिमेंटची भिंत उभी राहते आणि मग कुठल्याही सपाट शहरात शोभेल असा आराखडा तिथे आणून ठेवला जातो. डोंगरावर घर बांधायचे म्हणजे आधी डोंगर काढायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

हा व्यवहार ज्यांनी सरळ करून दाखवला, त्या लॉरी बेकर यांची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे वाटले. त्यांचे बहुतेक काम केरळात झाले. पण तिथला किनारा, पाऊस, तांबडी माती आणि जांभा आपल्यासारखाच आहे. म्हणून त्यांचे चरित्र आपल्याला परके वाटू नये.

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात झाला. घरचे वातावरण धार्मिक होते. तरुणपणी ते क्वेकर पंथाकडे ओढले गेले. साधी राहणी, मौन प्रार्थना आणि कोणत्याही युद्धात शस्त्र न धरणे ही या पंथाची शिकवण. बर्मिंगहॅममध्येच त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले आणि लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले. बेकरांनी बंदूक घेतली नाही, पण ते घरीही बसले नाहीत. क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकातून ते चीनमध्ये गेले आणि जखमी सैनिकांची व नागरिकांची शुश्रूषा करू लागले. तिथेच त्यांचा कुष्ठरोग्यांशी संबंध आला. घरे बांधायला शिकलेला हा तरुण काही वर्षे मलमपट्टीच करीत होता.

युद्धाच्या अखेरच्या काळात प्रकृतीमुळे त्यांना मायदेशी परतण्यास सांगण्यात आले. बोट मुंबईहून सुटायची होती, पण ती लांबणीवर पडत गेली आणि बेकरांना सुमारे तीन महिने मुंबईत थांबावे लागले. या मुक्कामात गांधीजींची आणि त्यांची भेट झाली. बेकरांच्या पायांत चिनी पद्धतीने कापडाच्या चिंध्यांपासून केलेले जोडे होते. टाकाऊ चिंध्यांतून हाताने केलेली ती वस्तू गांधीजींच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. तिथून बोलणे सुरू झाले. हा तरुण वास्तुविशारद आहे हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना हिंदुस्थानात काम करण्यास सुचवले. खेड्यातल्या आदर्श घराचे सगळे साहित्य त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळालेले असावे, हा गांधीजींचा विचारही बेकरांच्या मनात त्याच काळात रुजला. इंग्लंडात परत गेल्यावर त्याचा अर्थ त्यांना लगेच उमगला असे नाही. पण पुढची साठ वर्षे त्यांनी तोच विचार घासूनपुसून वापरला.

१९४५ साली बेकर पुन्हा भारतात आले, ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुविशारद म्हणून. कुष्ठरोगावर औषधे निघू लागली होती. रोग्यांना जन्मभर कोंडून ठेवणाऱ्या जुन्या आश्रयस्थानांची आता रुग्णालये करायची होती. आपल्याकडे वरोड्याला बाबा आमट्यांनी कुष्ठसेवेला वाहून घेतले, तोही साधारण हाच काळ. या कामासाठी फिरताना बेकरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बर्मिंगहॅममध्ये शिकलेली विद्या इथे अपुरी पडत होती. वाळवी, चार महिन्यांचा पाऊस, शेणामातीची जमीन, जांभा, बांबू, ताडाची पाने यांतले काहीच त्यांच्या पुस्तकांत नव्हते. मात्र गावातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना ते सगळे ठाऊक होते.

१९४८ साली त्यांचा विवाह केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी झाला. एलिझाबेथही कुष्ठरोग्यांची सेवा करीत होत्या. लग्नानंतर हे जोडपे हिमालयात कुमाऊँच्या डोंगरांत पिठोरागडला गेले. एक डॉक्टरीण आली आहे, ही बातमी आसपासच्या वाड्यांत पसरली आणि रोगी डोंगर चढून येऊ लागले. फिरायला म्हणून गेलेले हे दोघे तिथे सोळा वर्षे राहिले.

पिठोरागड ही बेकरांची खरी शाळा. तिथल्या उभ्या उतारावर त्यांनी घर, दवाखाना आणि शाळा बांधल्या, पण त्याआधी डोंगरी लोकांची घरे नीट पाहिली. डोंगराचा दगड, मातीचा लगदा, जवळच्या रानातले लाकूड आणि छपराला पातळ दगडी फरश्या, एवढ्यावर ती उभी होती. उतार होता म्हणून खालच्या बाजूला गुरांचा गोठा आणि वर माणसांची वस्ती. गुरांची ऊब वरच्या खोलीला मिळे आणि डोंगर फारसा खोदावा लागत नसे. मिळणारे साहित्य, पडणारा पाऊस आणि माणसांची राहणी यांचा मेळ घालायला तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केलेल्या प्रयोगांतून ही घरे घडली होती. त्यांच्यापेक्षा चांगले काही आपल्याला एका दिवसात सुचेल, हा शिकलेल्या माणसाचा अहंकार बेकरांनी तिथे सोडला.

१९६३ साली हे कुटुंब केरळात आले. आधी काही वर्षे वागमोणच्या थंड डोंगराळ मुलखात दवाखाना चालवला आणि १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरम शहराच्या नालंचिरा भागात ते स्थायिक झाले. बेकर तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या कामासाठी त्यांचे नाव जगभर झाले, त्यातले बहुतेक काम त्यांनी यानंतर केले.

तिरुवनंतपुरम हे टेकड्यांवर वसलेले शहर आहे. पणजीच्या आल्तिन्होवर चढत जाणारे रस्ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्याची कल्पना येईल. बेकरांनी स्वतःसाठी निवडलेली जागा म्हणजे खडकाळ, उभा आणि जवळजवळ उघडा उतार. घर बांधण्यास ती कुणीही नालायकच ठरवली असती. तिथे त्यांनी लहानशा घरापासून सुरुवात केली आणि गरज पडेल तशी एकेक खोली जोडत गेले. त्या जागेला त्यांनी ‘द हॅम्लेट’ हे नाव दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘वाडी’. ते नाव सार्थ होते, कारण ते एक मोठे घर नव्हतेच. उताराच्या कलाने वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवलेल्या खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, असा तो पसारा होता. मोठा खडक आडवा आला तर भिंतीने त्याला वळसा घातला. झाड आले तर भिंत वाकली. मोडलेल्या जुन्या घरांचे लाकूड, फुटक्या कौलांचे तुकडे, रंगीत काचा आणि बाटल्या भिंतींत जाऊन बसल्या. हळूहळू त्या उघड्या टेकडीवर गर्द झाडी झाली.

चढावर घर कसे बांधावे, हे बेकरांनी नंतर घर स्वस्तात बांधण्याच्या आपल्या छोट्या पुस्तिकेत स्वतः काढलेल्या चित्रांनी समजावून सांगितले. त्यातल्या दोन-तीन गोष्टी इतक्या सोप्या आहेत की वाचून आश्चर्य वाटते.

पहिली गोष्ट घराच्या दिशेची. डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवरून आडवी रेषा काढली, तर घराची लांब बाजू त्या रेषेला धरून असावी. आपल्या कुळागरातल्या आडव्या मेरा किंवा डोंगरउतारावरचे गडगे अशाच रेषेने जातात. घर असे आडवे बसवले तर खोदाई थोडी होते आणि भरही थोडी लागते. तेच घर चढाला उभे बसवले तर एका टोकाला डोंगर खोल कापावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला उंच जोते बांधून भर घालावी लागते. ही भर पुढे पावसाने बसते आणि अर्धे घर कापलेल्या घट्ट जमिनीवर, तर अर्धे भरावावर राहिल्याने भिंतींना चिरा जातात.

दुसरी गोष्ट पायाच्या चरांची. चर खणताना माती बाहेरच्या बाजूला फेकायची आणि नंतर तीच पुन्हा उचलून जोत्यात भरायची, हे सर्वत्र चालते. बेकरांनी गवंड्यांना सांगितले की माती पहिल्यापासून आतल्या बाजूला टाका. एकाच मातीची दोनदा मजुरी का द्यायची? असे बारीकसारीक हिशेब ते प्रत्येक ठिकाणी करीत.

तिसरी गोष्ट भिंतीची. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून ते भिंत अशी रचत की मध्ये पोकळी राही. उंदराच्या सापळ्यासारख्या दिसणाऱ्या या रचनेला ‘रॅट-ट्रॅप बाँड’ म्हणतात. त्यात सुमारे पाव हिश्श्याने विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धग आत कमी येते. भिंत हलकी झाली की जमिनीवरचा भारही हलका होतो. स्लॅबमध्ये खालच्या ज्या भागातले काँक्रीट फारसे काम करीत नाही, तिथे ते जुनी मंगळुरी कौले घालत. त्यामुळे सिमेंट आणि लोखंड वाचे आणि छत हलके होई. खिडक्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी विटांची जाळी असे. वारा आणि उजेड आत येई, पण लाकूड आणि काच लागत नसे. चांगली रचलेली भिंत गिलाव्याखाली झाकणे त्यांना पटत नसे. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींत तासलेल्या चिऱ्यांच्या सरळ दरजा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

केरळचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी बेकरांवर मोठा विश्वास टाकला. राज यांनी तिरुवनंतपुरमच्या उळ्ळूर भागात सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था उभी केली आणि तिच्या इमारतींचे काम बेकरांना दिले. ती जागाही टेकडीचीच. बेकरांनी टेकडीचा माथा सपाट केला नाही. माथ्यावर ग्रंथालयाचा मनोरा उभा राहिला आणि वर्ग, कचेऱ्या, वसतिगृहे उताराच्या वळणांनी झाडांमधून खाली उतरत गेली. स्वस्त घरे बांधणारा माणूस म्हणजे केवळ गरिबांच्या झोपड्या बांधणारा, हा समज या कामाने खोडून काढला. रेल्वे स्थानकाजवळच्या इंडियन कॉफी हाउसची गंमत आणखी निराळी. तिथे डोंगर नव्हता, जागाही चिंचोळी होती. बेकरांनी गोल फिरत वर जाणारा चढच बांधून काढला आणि त्या चढावर टेबले व बाके बसवली. आजही लोक त्या चढावर बसून कॉफी पितात.

बेकरांची कामाची पद्धतही त्यांच्या घरांसारखीच होती. घरमालकाला ते खूप प्रश्न विचारीत. घरात माणसे किती, स्वयंपाक कशावर होतो, म्हातारी माणसे कुठे बसतात, पैसे किती आहेत. मग वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर आराखडा उमटे. मधला कंत्राटदार नसे. बेकर स्वतः रोज कामावर जात, गवंड्यांबरोबर उभे राहत आणि जागेवर अडचण दिसली की आराखडा तिथल्या तिथे बदलत. वास्तुविशारदाची फी बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. म्हणजे जो घरमालकाचे पैसे वाचवील त्याचीच मिळकत घटणार. हे त्यांना ठाऊक होते, तरी त्यांनी पैसे वाचवण्याचाच धंदा केला.

१९८५ साली अच्युत मेनन, के. एन. राज आणि इतरांबरोबर त्यांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था सुरू केली आणि आपली विद्या तरुणांच्या हाती दिली. भारताचे नागरिकत्व त्यांना उतारवयात मिळाले आणि १९९० साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. १ एप्रिल २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, नालंचिराच्या त्याच टेकडीवरच्या घरात त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या, त्या लपवण्याचे कारण नाही. विटांच्या जाळीतून वाऱ्याबरोबर डासही येतात. अशा भिंतींना संयमाचा आणि चांगल्या हाताचा गवंडी लागतो, तो सगळीकडे मिळत नाही. ज्या गरिबांसाठी ही घरे होती, त्यांतल्या अनेकांना उघडी वीट म्हणजे अर्धवट राहिलेले घर वाटे. त्यांना शेजाऱ्यासारखा गुळगुळीत रंगवलेला बंगला हवा असे. उलट पैसेवाल्यांनी मात्र ‘बेकर पद्धत’ ही हौस म्हणून उचलली. स्वतः बेकरांनाही विटा भाजायला लागणाऱ्या सरपणाची चिंता वाटू लागली आणि उतारवयात ते मातीच्या भिंतींचा आग्रह धरू लागले. आपल्यापुरते सांगायचे तर पाच मैलांचा नियम म्हणजे शेजारच्या सड्यावर हवी तेवढी चिरेखाण काढण्याची परवानगी नव्हे. चिरा जवळचा असला तरी तोही डोंगरातूनच निघतो. म्हणून तोही जपून वापरायचा असतो.

आता आपल्या डोंगराकडे वळू. पेडण्याचा डोंगर वरून कठीण दिसतो. वर जांभ्याचा टणक थर असतो, पण खाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकट माती असते. पावसाचे पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपते आणि त्या मातीत मुरते. कोकण रेल्वे बांधताना इथल्या बोगद्याने अभियंत्यांना रडकुंडीला आणले होते. मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती आणि साऱ्या मार्गात हेच काम सर्वांत शेवटी हातावेगळे झाले. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला, पण डोंगराने आपला स्वभाव सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी उसळून गाड्या थांबल्या. एवढी यंत्रे आणि एवढे तज्ज्ञ हाताशी असलेल्या रेल्वेला जो डोंगर दाद देत नाही, तो आपल्या बंगल्यामागच्या एका भिंतीला का देईल? उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. भिंतीमागे साठलेल्या पाण्याला वाट नसेल तर ते भिंतच पुढे ढकलते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात परवानगीशिवाय डोंगर कापण्यास मनाई करणारे कलम आहे. पण कायदा कागदावर थांबतो. डोंगर कुठे कापायचा आणि कुठे नाही, याचा पहिला निर्णय जमीन घेणारा आणि घर बांधणारा माणूसच करतो.

आणि हे शहाणपण आपल्याला केरळातून उसने आणावे लागते असेही नाही. आपल्या जुन्या घरांची जोती उताराप्रमाणे वरखाली आहेत. पुढची पडवी चार पायऱ्या उंच, तर मागची न्हाणी खाली, पाणी आपोआप माडांच्या मुळाशी जाणारे. घरामागच्या झरीची वाट कुणी अडवत नसे. बेकरांनी सारी हयात जे शिकून घेतले, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत तयार आहे. आपण ते जुनाट म्हणून मोडून टाकतो, एवढाच फरक.

म्हणून उतारावर घर बांधण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांना एक विनंती करावीशी वाटते. आराखडा करण्याआधी एकदा आषाढाच्या पावसात त्या जागेवर जाऊन उभे राहा. पाणी कुठून येते, कुठे जाते, कुठले झाड माती धरून आहे, वारा कुठून घुसतो, ते पाहा. दोन खोल्यांच्या मध्ये चार पायऱ्या आल्या तर येऊ द्या. खडक आडवा आला तर त्यालाच ओटा करा.

चतुर्थीला आपण मातीची मूर्ती आणतो आणि तिचे विसर्जन करतो. ती माती पाण्यात मिसळते आणि पुढच्या वर्षी गणराय पुन्हा येतात. कापलेला डोंगर मात्र पुन्हा येत नाही. पुढच्या वर्षीच्या माटोळीचे कवंडळ घरामागच्या उतारावरच सापडावे, असे ज्याला वाटते त्याने घर बांधताना त्या वेलाचाही विचार करावा.